गाडी लगेच येते, मग तपास का रेंगाळतो?

समजा, बोरसीतल्या एका गल्लीत कुंदाकाकू राहतात. बोरसी म्हणजे छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाई या जोडशहरातली वस्ती. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन इकडेच स्थिरावलेली मराठी घरे या पट्ट्यात पुष्कळ, काकूंचे त्यांतलेच एक. एका रात्री शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दारू प्यायलेली दोन टोळकी भांडू लागतात, बाटल्या फुटतात. काकू ११२ फिरवतात. थोड्याच वेळात निळे-लाल दिवे गल्लीत शिरतात, टोळकी पांगतात. काकू खूश.

पंधरा दिवसांनी दारात लावलेली त्यांची स्कूटी चोरीला जाते. काकू ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहून येतात. मग एक महिना जातो, दोन जातात, तीन जातात. ठाण्यात विचारले की एकच उत्तर: ‘विवेचना चालू आहे.’ विवेचना म्हणजे तपास. काकू वैतागून म्हणतात, “त्या रात्री तर धावत आले होते हो! आता काय झालं यांना?”

प्रश्न भाबडा वाटेल, पण पोलीस सुधारणांवर गेली जवळजवळ पन्नास वर्षे आयोग, समित्या आणि न्यायालये जे लिहीत आली, त्याचा गाभा यातच आहे. गणवेश तोच, जिल्हा तोच, मग एक काम झटपट आणि दुसरे का तुंबलेले?

११२ फिरवल्यावर

काकूंचा फोन जवळच्या ठाण्यात वाजलाच नव्हता. तो गेला थेट रायपूरला, राज्याच्या नियंत्रण केंद्रात. छत्तीसगडमध्ये ही सेवा २०१८ साली सुरू झाली. ‘एक्के नंबर, सब्बो बर’ हे तिचे छत्तीसगढी घोषवाक्य, म्हणजे नंबर एकच आणि सगळ्यांसाठी. पोलीस हवे असोत, आगीचा बंब हवा असो की रुग्णवाहिका, आकडे तेच तीन.

फोन उचलणारी व्यक्ती काय झाले ते विचारत असते, तोवर फोन कुठून आला याचा अंदाज समोरच्या पडद्यावर उमटतो. हा अंदाज मोबाइलच्या टॉवरवरून येतो, त्यामुळे तो ढोबळ असतो. ‘मंडईजवळ ये’ असे सांगून कुणाला भेटायला बोलवावे, तसा. फोनमध्ये ११२ चे ॲप असेल आणि त्यातून मदत मागितली असेल तर उपग्रहावरून नेमकी जागा कळते. पण काकूंसारख्या नुसत्या फोन करणाऱ्या माणसाने गल्लीची खूण सांगणे अजूनही सगळ्यांत मोलाचे.

मग फोन घेणारी व्यक्ती एक चिठ्ठी तयार करते. हल्ली ती संगणकावरची असते आणि तिला ‘इव्हेंट’ म्हणतात, एवढाच फरक. चिठ्ठी जाते दुसऱ्या टेबलावर. तिथल्या माणसासमोर नकाशा असतो आणि नकाशावर फिरत्या गाड्यांचे ठिपके. रिक्षा बोलवायच्या ॲपवर आपण पाहतो तसेच. जवळचा मोकळा ठिपका निवडला की त्या गाडीतल्या पडद्यावर निरोप वाजतो. गाडी निघाली की नोंद, पोहोचली की नोंद, काम संपवून मोकळी झाली की पुन्हा नोंद.

म्हणजे या कामाच्या प्रत्येक पायरीला घड्याळ बांधलेले आहे. किती वेळ लागला हे रायपूरला बसलेला अधिकारी बघू शकतो, महिन्याच्या बैठकीत विचारू शकतो. आणि सरकारी कामात जे मोजले जाते ते होते, हा अनुभव रेशनच्या रांगेपासून शाळेच्या हजेरीपर्यंत आपल्या सगळ्यांनाच आहे.

मात्र गाडीतल्या पथकाचे काम तिथेच संपते. भांडण सोडवायचे, जखमीला दवाखान्यात पोहोचवायचे, आणि पुढचे प्रकरण ठाण्याच्या हवाली करायचे. स्कूटीचा शोध हे ठाण्याचे काम. ठाण्यात मात्र घड्याळ वेगळे चालते.

तव्यावरची पोळी आणि बरणीतले लोणचे

घरात एकाच बाईने पोळ्याही करायच्या आणि त्याच सकाळी लोणचेही घालायचे, असे ठरले तर काय होते? तव्यावरची पोळी थांबत नाही, नजर हटली की करपते. लोणचे थांबू शकते. फोडी चिरून झाल्या आहेत, मीठ लावून ठेवले आहे, फोडणी दुपारी घालू. दुपारी पाहुणे येतात. संध्याकाळी परत तवा. आठवड्याने बरणी उघडावी तर बुरशी.

पोलीस ठाण्यात बंदोबस्त म्हणजे तव्यावरची पोळी आणि तपास म्हणजे लोणचे. बाईचा आळस इथे मुद्दा नाही. दोन्ही कामे एकाच हातात दिली की जे थांबू शकते ते थांबतेच.

काकूंची स्कूटी ज्याच्याकडे ‘विवेचने’साठी आहे त्या सहायक उपनिरीक्षकाचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी मंत्र्यांचा दौरा, सकाळपासून चौकात उभे. मंगळवारी जुन्या खटल्यात साक्ष, तिकडे पेशीत, म्हणजे सुनावणीत, दिवस गेला. बुधवारी एका बेवारस प्रेताचे कागद. अशा नोंदीला महाराष्ट्रात आपण अकस्मात मृत्यू म्हणतो, इकडे ‘मर्ग’ म्हणतात. गुरुवारी समन्स आणि वॉरंट बजावायचे. शुक्रवारी मिरवणूक. भिलाई हे देशाच्या चारही कोपऱ्यांतून आलेल्या माणसांचे गाव, तिथे गणपतीही बसतो, दुर्गापूजाही होते आणि छठही, तेव्हा मिरवणुकांना तोटा नाही. शनिवारी कॅमेऱ्यांचे चित्रण बघायला जावे, तर दुकानदार म्हणतो, ‘साहेब, आमच्याकडं पंधरा दिवसांचंच राहतं.’

त्यात माणसे कमी. पोलीस संशोधन व विकास ब्यूरो ही केंद्राची संस्था दरवर्षी देशभरच्या पोलिसांची मोजदाद छापते. १ जानेवारी २०२२ च्या मोजणीत दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पदे साधारण १९६ होती आणि प्रत्यक्षात माणसे साधारण १५३. भरलेल्या जागांतही मोठी गोम आहे. दर शंभर पोलिसांत सुमारे ८६ शिपाई आणि हवालदार, इकडच्या भाषेत आरक्षक आणि प्रधान आरक्षक. गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार मुख्यतः त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर, सहायक उपनिरीक्षक ते निरीक्षक यांच्याकडे. म्हणजे ठाण्यात गणवेश बरेच दिसले तरी लोणचे घालता येणारे हात मोजके.

या हातांना झोप किती? ‘कॉमन कॉज’ आणि दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठाने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालात पोलिसांची सरासरी ड्युटी दिवसाला १४ तासांची निघाली. आणि १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर कडक बंधने घातली आहेत, त्यामुळे तक्रार करायची तरी कशी? जून २०१८ मध्ये छत्तीसगडमध्ये शिपायांची बायका-मुले आणि आईवडील रस्त्यावर उतरले. नवऱ्याला बंदी, बायकोला नाही! पुढे नवे सरकार आल्यावर साप्ताहिक सुटीची घोषणा झाली. मुंबईत त्याआधी, २०१६ मध्ये, देवनार ठाण्यातल्या एका पोलीस नाईकाने स्वतः वेळापत्रक आखून दाखवले, की आहे त्याच माणसांत आठ तासांच्या पाळ्या बसवता येतात. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते देवनारमध्येच करून पाहिले. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग फार आवडतो. आयोगांचे जाड खंड एकीकडे आणि एका नाईकाचा चौकटी आखलेला कागद एकीकडे.

नागपूर आणि दुर्ग एकाच दप्तरात होते

बंदोबस्ताला हे झुकते माप आले कुठून? १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी उभे केलेले पोलीस लोकांमधले, बिनबंदुकीचे होते. हिंदुस्थानासाठी मात्र आयर्लंडमधल्या शस्त्रधारी दलाचा साचा निवडला गेला. चोर पकडणे हे त्या दलाचे एक काम होते. सरकारविरुद्ध कुणी उठू नये याची काळजी घेणे हे त्याहून मोठे. पोळीला लोणच्यापेक्षा मान तेव्हापासून.

मराठी वाचकाला एक गोष्ट सहसा आठवत नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूरचे पोलीस आणि दुर्गचे पोलीस एकाच राज्याचे होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. तिथून वाटा फुटल्या. विदर्भाला पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू झाला, नागपुरात १९६५ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. दुर्ग १८६१ च्याच कायद्यावर चालत राहिले. छत्तीसगडने स्वतःचा पोलीस कायदा केला तो २००७ मध्ये.

आयुक्तालय आणि अधीक्षक यांतला फरक काय, हेही इथेच सांगून टाकतो. जमावबंदीचा हुकूम काढायचा असेल तर दुर्गच्या अधीक्षकांना तो जिल्हाधिकाऱ्यांकडून, इकडच्या ‘कलेक्टर साहेबां’कडून, घ्यावा लागतो. नागपूरचे आयुक्त तो स्वतःच्या सहीने काढतात. रायपूरसाठी आयुक्तालयाची घोषणा २०२५ मध्ये झाली. याने निर्णय लवकर होतो हे खरे. पण पोलिसांच्या हुकुमावर दुसऱ्या खात्याची नजर राहत नाही हेही तितकेच खरे. काकूंच्या स्कूटीला या वादाने काही फरक पडत नाही.

शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच मुरलेले. फिर्याद, हवालदार, मुद्देमाल ही सगळी फारसी-अरबीची देणगी. क्वचित फरकही दिसतो: दुर्गच्या ठाण्यात रोजच्या नोंदींच्या वहीला ‘रोजनामचा सान्हा’ म्हणतात, आपण ‘स्टेशन डायरी’ म्हणून मोकळे होतो.

२००६ चा निकाल आणि दहा लाखांची अट

स्वातंत्र्यानंतर पोलीस व्यवस्थेचा हा जुना वाडा दुरुस्त करायचे पहिले मोठे काम धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने केले. १९७७ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले आणि ते कपाटात गेले. १९९६ मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की हे अहवाल कपाटातून बाहेर काढा. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. न्यायालयाने सात आदेश दिले.

त्यांतले बरेचसे वरच्या मजल्याचे आहेत: महासंचालक कसा निवडावा, बदल्यांसाठी पोलिसांचेच मंडळ असावे, राज्य सुरक्षा आयोग असावा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण असावे. तक्रारींसाठी छत्तीसगडच्या २००७ च्या कायद्यात जवाबदेही प्राधिकरण आले, महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने तक्रार प्राधिकरण आणले. काकूंच्या गल्लीपर्यंत थेट पोहोचतात ते आदेश दोन.

एक, ठाण्याचा प्रमुख आणि जिल्ह्याचा अधीक्षक यांना किमान दोन वर्षे एका जागी ठेवा. वर्गशिक्षिका दर तीन महिन्यांनी बदलली तर कुठल्या मुलाला फळा दिसत नाही हे तिला कधी कळणार? ठाणेदाराचेही तसेच. टपऱ्या कुठल्या, कुठला रस्ता रात्री अंधारात असतो, कोणाचा मुलगा वाईट संगतीत आहे, हे कळायला एक पावसाळा तरी काढावा लागतो. आदेशात दोन वर्षे म्हटली तरी राज्यांच्या कायद्यांत पळवाट आहे, ‘प्रशासकीय कारण’. ती किती रुंद करायची हे राज्यकर्ते ठरवतात आणि ती रुंद राहावी यावर सगळ्या पक्षांचे एकमत दिसते.

दुसरा आदेश म्हणजे आपली पोळी आणि लोणचे. तपासाची माणसे आणि बंदोबस्ताची माणसे वेगळी करा, असे न्यायालय म्हणाले. एकदम सगळीकडे नाही. आधी दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरी भागांत, मग हळूहळू लहान गावांत. आता २०११ च्या जनगणनेतला आकडा बघा: दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या १०,६४,२२२. म्हणजे न्यायालयाने आखलेल्या रेषेच्या जेमतेम वर, पहिल्या रांगेत बसणारे हे शहर.

रेषा आखून इतकी वर्षे झाली तरी देशभरच्या बहुतेक ठाण्यांत वेगळेपण कागदापुरते आहे. त्याचे कारण मला तरी समजण्यासारखे वाटते. दहा माणसांचे ठाणे असेल आणि त्यांतली चार फक्त तपासाला बाजूला काढली, तर मिरवणुकीच्या दिवशी उरलेल्या सहांवर भागवण्याची छाती कुठल्या ठाणेदाराला होईल? चौघांना ‘आजच्या दिवस या’ म्हणून बोलावले जाते. मग उद्याच्याही.

बीट म्हणजे पोस्टमनची वाट

ठाण्याच्या हद्दीचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा एका शिपायाला नेमून द्यायचा, याला बीट म्हणतात. पोस्टमन पत्ता न वाचता पत्र टाकतो, कारण घर त्याच्या ओळखीचे असते. बीट अंमलदाराची ओळख तशी व्हावी ही मूळ कल्पना. ११२ चा नकाशा गाडी कुठे आहे ते सांगतो. कोणाच्या अंगणात कालपासून बिननंबरची गाडी झाकून ठेवली आहे, हे बीटवाल्याच्या कानावर येते.

खेड्यात ही जागा पूर्वापार भरलेली होती. महाराष्ट्रात पोलीस पाटील, जुन्या मध्य प्रांतात कोटवार. छत्तीसगडच्या गावांत कोटवार आजही आहे. शहर वाढत गेले, गावे पोटात घेत गेले, आणि नव्या कॉलन्यांत कोटवारही नाही आणि बीटवालाही अनोळखी, अशी पोकळी झाली. तिथे सोसायटीचा वॉचमन आणि कॅमेरा आले.

ओळख काय करू शकते याचे मराठी मुलखातले ठसठशीत उदाहरण भिवंडीचे. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसत. विषय नळाचे, गटाराचे, पोरांच्या भांडणाचे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत नंतर तसा प्रयोग ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री’ नावाने बीटवाल्याला घरोघरी पाठवायला सुरुवात केली.

दिल्लीच्या धोरणांतही हे येते. देशभरच्या पोलीस महासंचालकांची परिषद दरवर्षी भरते. २०१४ मध्ये गुवाहाटीच्या परिषदेत पंतप्रधानांनी ‘स्मार्ट’ पोलीस ही घोषणा दिली आणि तेव्हापासून प्रत्येक आद्याक्षराचे अर्थ पोलीस पाठ करत आहेत. साठावी परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा रायपूरला झाली, म्हणजे काकूंच्या घरापासून दोन तासांच्या आत.

चौकट: फोन करताना

• आधी जागा सांगा, मग घटना. फोन मध्येच तुटला तर जागा तरी पोहोचलेली असते.
• पत्त्यापेक्षा खूण बरी: पाण्याची टाकी, मंदिर, शाळा, रेशनचे दुकान.
• कोणी जखमी आहे का, हातात हत्यार आहे का, हे न विचारता सांगा.
• साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरले की मदतीचा फोन लागावा, अशी सोय २०१७ पासूनच्या फोनांना बंधनकारक आहे.
• जिवाला धोका असेल तर ११२. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३०.

पैसा दिल्लीचा, भरती रायपूरची

‘राष्ट्रीय पोलीस’ असे काही आपल्या देशात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. शिपायाची भरती, पगार, बदली सगळे रायपूरच्या हातात. केंद्र देते ते पैसे, तंत्र आणि सल्ला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने पोलीस आधुनिकीकरणाच्या एकत्रित योजनेला २०२१ ते २०२६ या काळासाठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. त्यात गाड्या, शस्त्रे, संपर्कयंत्रणा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा असे सगळे येते.

यात एक तिरपी गोष्ट दडलेली आहे. गाडी, कॅमेरा, इमारत यांना पैसा एकदाच लागतो आणि फीत कापता येते. माणूस भरला की त्याचा पगार तीस-पस्तीस वर्षे द्यावा लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही. म्हणून आधुनिकीकरण लवकर दिसते, रिकाम्या जागा भरताना दिसत नाहीत. काकूंच्या रात्रीची गाडी लवकर आली आणि स्कूटीचा तपास लांबला, याचा एक धागा इथे आहे.

एक वाट मात्र केंद्राने स्वतः बांधली, ती पैशाची चोरी अडवण्यासाठी.

पाटाच्या पाण्यामागे धावताना

शेतात दारे धरणाऱ्याला ठाऊक असते, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरते. वाफ्याचे तोंड वेळेवर ढेकळाने बुजवले तर पाणी थांबते. उशीर झाला की सगळे ओले, पण पाणी कुठेच नाही. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा तसाच पळतो. काकूंच्या खात्यातले पन्नास हजार आधी एका खात्यात जातात, तिथून फोडून चार खात्यांत, तिथून एटीएमच्या तोंडातून बाहेर.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत १९३० वर फोन केला की व्यवहाराचा क्रमांक नोंदवला जातो आणि ती तक्रार संगणकातून थेट बँकेच्या पडद्यावर पडते. पैसा अजून तिथेच असेल तर बँक तो अडवते. पुढे गेला असेल तर पुढच्या बँकेकडे तक्रार सरकते, ढेकूळ पुढच्या वाफ्यावर. म्हणून पहिल्या तासाला इतके महत्त्व. आधी ठाण्यात जाऊ, मग बँकेत, मग वकिलाला विचारू, असे केले तर पीक गेले. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये अशा फसवणुकीत देशाने २२,८४५ कोटी रुपये गमावले. त्याआधीच्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता.

हे वाफे कोणाचे असतात? बहुधा कुणा तरी गरजू पोराचे, थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेले खाते. पोलीस त्याला ‘म्यूल’ खाते म्हणतात, म्यूल म्हणजे खेचर, ओझे वाहणारे. ऑनलाइन सट्ट्याच्या महादेव ॲप प्रकरणाने भिलाईचे नाव देशभर पुन्हा गाजले ते काही पोलादामुळे नाही, आणि त्या प्रकरणातही दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांचे जाळे वापरल्याचा तपासयंत्रणांचा आरोप आहे. तेव्हा बोरसीतल्या आईने मुलाला ‘कोण मित्र आहे हा, खातं कशाला मागतो?’ असे विचारणे हेही सामुदायिक सुरक्षेतच येते. त्यासाठी केंद्राच्या योजनेची गरज नाही.

स्कूटी सापडते तेव्हा

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि काकूंच्या बाजूने दोन-तीन गोष्टी बदलल्या. दुर्ग-भिलाईत आता दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महापालिका आहेत, आणि ठाण्यांच्या हद्दी त्यांच्याशी जुळतीलच असे नाही. पूर्वी ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून माणूस परत पाठवला जाई. आता दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने आधी लिहून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. याला झिरो एफआयआर म्हणतात. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितले होते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत आहे.

आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचे आहे. तपासाला बांधलेले हे लहानसे घड्याळ. काकूंनी चौथ्या महिन्यात ते कलम कागदावर लिहून नेले, असे समजू. प्रकरण दोनपैकी एका दिशेने जाते. काही सापडले नाही तर पोलीस न्यायालयात ‘खात्मा’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात. विम्याच्या पैशासाठी तो कागदही कामाचा असतो. नाव ऐकून घाबरू नये.

दुसरी दिशा म्हणजे स्कूटी सापडते. एखाद्या नाक्यावर पकडलेल्या पोराकडे पाच गाड्या निघतात, त्यांत एक काकूंची. आता ती मुद्देमाल झाली. देशातल्या कुठल्याही ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या, वेली चढलेल्या गाड्या आपण पाहतो, त्या अशाच मुद्देमालाच्या. खटला संपेपर्यंत पुरावा जपायचा, या समजुतीने त्या तिथे मातीला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितले होते की फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि गाडी मालकाला द्या. नव्या संहितेने न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाला मुदतही घातली: चौदा दिवसांत वर्णन आणि फोटो, त्यानंतर तीस दिवसांत काय करायचे त्याचा हुकूम.

काकू अर्ज करतात. न्यायालय गाडी ‘सुपुर्दनाम्या’वर सोडते, म्हणजे बोलावले की हजर करू या हमीवर. त्या आरसी बुक आणि आधार घेऊन ठाण्यात जातात, सोबत गल्लीतल्या मेकॅनिकला नेतात. बॅटरी उतरलेली, मागचे चाक बसलेले, डिकीतली पिशवी मात्र जशीच्या तशी. मेकॅनिक गाडी ढकलत फाटकाबाहेर काढतो. ज्याच्याकडे ‘विवेचना’ होती तो सहायक उपनिरीक्षक आत नाही, मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेला आहे. वहीवर सही दुसराच कोणी घेतो.